चिऊताई: 'शी' की 'जी'?

मुद्रितशोधनाच्या कामात माझा निम्मा जीव लिंगांपायी जातो. 'मेल आला', 'मेल आली' आणि 'मेल आलं' ही तिन्ही रूपं एकाच लेखात भेटतात, आणि ती लिहिणारा माणूसही एकच असतो. बस ती, ट्रक तो, टेबल ते. का, तर असंच. इंग्रजीतून शब्द आला की आपण आधी त्याला लिंग देतो आणि मग वर्षानुवर्षं त्यावरून वाद घालतो. एस्पेरांतो ही मुद्दाम घडवलेली आंतरराष्ट्रीय भाषा शिकावीशी वाटली त्यामागे विश्वबंधुत्व वगैरे काही नव्हतं. 'या भाषेत नामांना लिंग नाही' एवढं एक वाक्य वाचनात आलं होतं, आणि दमलेल्या मुद्रितशोधकाला तेवढं पुरेसं होतं.

वाक्य खरं आहे. ही भाषा घडवणारे लुडविक झामेनहोफ पेशानं डोळ्यांचे डॉक्टर. 1859 साली ब्यालिस्तोकला जन्मले. ते गाव आज पोलंडमध्ये आहे, तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. आजूबाजूला पोलिश, रशियन, जर्मन, यिडिश. यांपैकी पहिल्या तिघींत तर आपल्यासारखीच तीन लिंगं, आणि आपल्यासारखीच बेभरवशाची. रशियनमध्ये टेबल पुल्लिंगी आणि पुस्तक स्त्रीलिंगी. आपल्याकडे दोन्ही नपुंसकलिंगी. 1887 साली वॉर्सामध्ये त्यांनी 'डॉक्टर एस्पेरांतो' म्हणजे 'आशा बाळगणारा डॉक्टर' या टोपणनावानं एक लहानसं पुस्तक काढलं. त्यात सोळा नियमांचं व्याकरण होतं, आणि त्यात टेबलाचं लिंग या प्रकाराला कुठेच जागा नव्हती. नाम 'ओ'नं संपतं, विशेषण 'आ'नं. लीब्रो म्हणजे पुस्तक, मूरो म्हणजे भिंत, आणि चांगला, चांगली, चांगलं या तिघांना मिळून एकच 'बोना'. अनेकवचन आणि कर्म यांच्यासाठी प्रत्यय आहेत, लिंगासाठी काही नाही.

क्रियापदं तर आणखी मोकळी. इरास म्हणजे जातो, इरिस म्हणजे गेलो, इरोस म्हणजे जाईन. जाणारा कोण, एक की अनेक, बाई की पुरुष, क्रियापदाला त्याचं सोयरसुतक नाही. मराठीत उलट. तोंड उघडलं की जाहीर होतं: 'मी आलो', 'मी वाचते', 'मी म्हणणार होते'. इथवर या मजकुरात स्वतःबद्दल असं एकही क्रियापद मी येऊ दिलेलं नाही; बघा, किती अवघडून लिहावं लागतं. पुरे झालं. मी बाई आहे, नाव किरण, म्हणजे नावावरूनही काही कळत नाही. एस्पेरांतोत मात्र 'मी इरिस' म्हटलं की संपलं. आणि हो, तिथेही 'मी' म्हणजे मीच. हा एक शब्द पाठ करावा लागला नाही.

बाकीची सर्वनामं अशी: वी म्हणजे तू आणि तुम्ही, नी म्हणजे आम्ही, इली म्हणजे ते सगळे. 'ओनी' म्हणजे कोणीही, लोक. आपण 'असं म्हणतात' म्हणतो तिथे ते 'ओनी' घालतात. तृतीयपुरुषी एकवचनात तीन: ली तो, शी ती, जी ते. 'शी' ऐकून कुठल्याही मराठी माणसाचं तोंड जे होतं ते माझंही झालं. जगातल्या समस्त सन्माननीय स्त्रिया या भाषेत 'शी' आहेत, त्याला इलाज नाही. 'जी'चा घोटाळा वेगळा. आपल्या कानाला 'जी' म्हणजे 'जी मुलगी', किंवा हिंदीतला आदरार्थी जी. आणि एस्पेरांतोत ते वस्तूंचं नि जनावरांचं सर्वनाम.

'वी'ला मी लवकर सरावले. 'तू'साठी 'त्सी' असा शब्द आहे, पण तो वापरताना कोणी दिसत नाही. तू की तुम्ही हा प्रश्नच उरत नाही, आणि खरं सांगायचं तर त्यानं हलकं वाटलं. 'नी'ची मात्र अजून सवय होत नाही. 'आम्ही जेवायला चाललो' आणि 'आपण जेवायला चाललो' यांत समोरच्याला ताट आहे की नाही एवढा फरक आहे. एस्पेरांतो तो फरक करत नाही. झामेनहोफ यांच्या भोवतालच्या भाषांतही तो नव्हता, मग त्यांना सुचणार कुठून!

एका बाबतीत आपण इंग्रजी बोलणाऱ्यांच्या कितीतरी पुढे आहोत. 'सी' नावाचं एक सर्वनाम आहे, त्याचं विशेषण 'सिया'. 'त्यानं त्याच्या बायकोला फोन केला' आणि 'त्यानं आपल्या बायकोला फोन केला' यांतला फरक ज्याला जन्मतः कळतो त्याला 'सिया' शिकवावी लागत नाही. 'लिया' बायको म्हणजे दुसऱ्याच कोणाची तरी. हे सर्वनाम कर्त्यात चालत नाही, ही या धड्यातली मोठी मेख मानतात. पण आपणही 'तो आणि आपली बायको आले' कुठे म्हणतो? एवढंच ध्यानात ठेवायचं की 'सिया' फक्त तृतीय पुरुषासाठी. 'मी आपलं काम केलं' इथे ती चालत नाही, तिथे 'माझं'च म्हणायचं.

मग आला 'इन' प्रत्यय, आणि नामांना लिंग नाही या वाक्याचा दुसरा अर्धा भाग उघडा पडला. व्याकरणाचं लिंग नाही हे खरं, पण माणसांचं आणि जनावरांचं आहे, आणि ते एकतर्फी आहे. पात्रो म्हणजे वडील, आई म्हणजे पात्रीनो. फ्रातो भाऊ, फ्रातीनो बहीण. फीलो मुलगा, फीलीनो मुलगी. बाईचा शब्द पुरुषाच्या शब्दाला शेपूट लावून तयार होतो. झामेनहोफ यांनी हे शब्दसंख्या निम्म्यावर आणण्यासाठी केलं, हेतू शुद्ध होता, पण आई हा शब्द वडिलांवरून साधलेला बघताना मला चमत्कारिक वाटलं. सर्वांत टोकाचं उदाहरण विद्वो. विद्वो म्हणजे विधुर, आणि विधवा म्हणजे विद्वीनो. हा शब्द ज्या भाषांतून आला तिथे मूळ शब्द बाईचा. जर्मनमध्ये तर विधवेच्या शब्दावरून विधुराचा शब्द बनतो. संस्कृतातही विधवा स्वतःच्या पायावर उभी आहे. इथे नियमाच्या समानतेसाठी तिलाही शेपूट लागलं.

तरी हा प्रत्यय मराठी माणसाला परका वाटत नाही. वाघ, वाघीण. मालक, मालकीण. तिकडे तीग्रो, तिग्रीनो. 'ईण' आणि 'इन' शेजारी ठेवले की हसूच येतं. फरक पुढे आहे. पाटलीणबाई म्हणजे गावच्या पाटील झालेल्या बाई, की पाटलांच्या पत्नी? डॉक्टरीणबाई सुई टोचतील, की फक्त दवाखान्याच्या वर राहतात? आपल्या 'ईण'मध्ये धंदा आणि संसार दोन्ही मिसळलेले आहेत, आणि संदर्भावरून ओळखायचं असतं. एस्पेरांतोनं ते वेगळे केले. डॉक्टरची बायको असेल तर 'एद्झीनो' हा शब्द जोडून वेगळा समास करतात; 'इन' फक्त बाईपणा सांगतं. ही सफाई मला आवडली. आता तर पेशाच्या शब्दांना 'इन' लावणंही मागे पडत चाललंय. इन्स्त्रुइस्तो म्हणजे शिकवणारी व्यक्ती, बाई असो वा बुवा. जुन्या मजकुरात हेच शब्द पुरुषवाचक धरलेले दिसतात. आता पुरुषाचा पक्का रंग उरलाय तो मुख्यतः नात्यागोत्याच्या शब्दांत आणि राजा, मुलगा, पुरुष अशा मोजक्या शब्दांत.

नात्यांबद्दल मात्र ही भाषा मला दरिद्रीच वाटते. ओंक्लो म्हणजे काका, मामा, मावसे, आत्याचे यजमान, सगळे एकगठ्ठा. बोफ्रातीनो या एका शब्दात नणंद, जाऊ, मेहुणी आणि भावजय. ज्या घरात या चौघी एका वेळी जमल्यात त्या घरातल्या कोणालाही विचारा, हा शब्द चालेल का.

'गे' हा उपसर्ग मात्र छान. गेपात्रोय म्हणजे आईवडील, गेफ्रातोय म्हणजे भावंडं. दोन्ही लिंगं मिळून. गंमत अशी की 'भावंड' आपल्याकडे एकवचनातही चालतं, नपुंसकलिंगी, भाऊ की बहीण ते न सांगता. एस्पेरांतोत एकवचनी गेफ्रातोवर वाद आहे. परंपरा म्हणते 'गे' म्हणजे दोघं एकत्र, मग एकटं माणूस गे कसं? नव्या पिढीतले काही जण बेलाशक वापरतात. मिश्र घोळक्याला आपण 'ती माणसं आली', 'मुलं आली' असं नपुंसकलिंगात सामावून घेतो, हे या निमित्तानं पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. जन्मभर मुद्रितं तपासतेय, पण आपल्या नपुंसकलिंगाकडे एवढ्या मायेनं कधी पाहिलं नव्हतं.

लेर्नू या संकेतस्थळावरचे धडे संपवून मी पत्रमैत्रीकडे वळले. उत्तर आलं ते पोलंडहून. पत्राखाली पूर्ण नाव नाही, नुसतं आद्याक्षर. मीही किरण एवढीच सही केली. पोलिश भाषेत प्रथमपुरुषी भूतकाळ मराठीसारखाच लिंगानुसार बदलतो; पुरुष 'बिवेम' म्हणतो, बाई 'बिवाम', म्हणजे आपलं होतो आणि होते. एकमेकांच्या मातृभाषेत बोललो असतो तर पहिल्या वाक्यात सगळा उलगडा झाला असता. एस्पेरांतोत आम्ही हवामान, भाज्यांचे भाव, गुडघेदुखी अशा विषयांवर पानंच्या पानं लिहिली आणि दोघांनाही पत्ता नाही की समोर बाई आहे की बुवा.

अडचण झाली ती घरात, मराठीत. नवरा विचारायचा, "काय म्हणतोय तुझा पोलंडवाला?" सासूबाई मधेच म्हणायच्या, "अरे, वाली असेल. गुडघ्याचं कौतुक पुरुष एवढं लिहीत नाहीत." उत्तर द्यायचं तर 'तो म्हणतो' किंवा 'ती म्हणते' यांपैकी काहीतरी पदरात घ्यावं लागणार. आदरार्थी बहुवचनाची पळवाट घ्यावी तर तिथेही 'ते म्हणतात' आणि 'त्या म्हणतात' उभेच. शेवटी मी माणसाबद्दल बोलणं सोडून पत्राबद्दल बोलायला लागले. पोलंडचं पत्र आलं, पत्रात असं लिहिलंय, पत्राचा गुडघा दुखतोय. पत्र नपुंसकलिंगी, सुटले.

एस्पेरांतोत तोच प्रश्न तिसऱ्या कोणाला या व्यक्तीबद्दल लिहिताना आला असता, आणि तिथे भाषेला पत्रासारखी आडवाट नाही. झामेनहोफ यांना हे विचारलं गेलं होतं: माणसाबद्दल बोलतोय, लिंग सांगायचं नाही, तर सर्वनाम कोणतं? त्यांचं उत्तर अगदी त्यांच्या स्वभावाला धरून आहे. व्याकरणाच्या दृष्टीनं 'जी' बरोबर, लहान मुलासाठी आपण तेच वापरतो. पण ते वस्तूंचं सर्वनाम असल्यानं माणसाला कमीपणाचं वाटेल, तेव्हा इतर भाषांप्रमाणे 'ली'च वापरावं. म्हणजे तर्क एका बाजूला, सवय दुसऱ्या बाजूला, आणि निकाल सवयीच्या बाजूनं. ज्यांनी टेबलाखुर्च्यांची लिंगं एका फटक्यात काढली त्यांनी इथे मात्र हात आखडला. शिकताना मला जिथे जिथे अडलं ते सगळं या एका जागी येऊन मिळतं. लिंग काढून टाकलं तिथे मराठी माणसाचं काही बिघडत नाही. ठेवलं तिथे बिघडतं.

बदलायचं म्हटलं तर सोपं नाही. 1905 साली फ्रान्समध्ये बुलोन्य-सुर-मेरला पहिलं जागतिक संमेलन भरलं, तिथे 'फुंदामेंतो' हा भाषेचा पाया ठरला आणि त्याला कोणी हात लावायचा नाही असंही ठरलं. खुद्द झामेनहोफ यांनीही नाही. त्यामुळे ली, शी, जी आणि 'इन' कायमचे आहेत. नवीन काही हवं तर त्यांच्या शेजारी बसवायचं. 1907 साली निघालेल्या इदो या सुधारित भाषेनं 'लु' असं सर्वसमावेशक सर्वनाम केलं, पण इदो बोलणारे मूठभर राहिले. एस्पेरांतोत गेल्या काही दशकांत 'री' रुजतंय: ज्याचं लिंग माहीत नाही, सांगायचं नाही, किंवा जे स्वतःला ली-शी दोन्हींत बसवत नाहीत त्यांच्यासाठी. जोडीला पुरुषवाचक 'इच' प्रत्ययही काहींनी काढला, म्हणजे पात्रो हा नुसता पालक, वडील पात्रीचो. 'इच' मला जरा ओढूनताणून वाटतो. रोजच्या वापरातले दोन डझन शब्द अर्थासकट हलवावे लागतात. 'री' मात्र कोणाचं काही हिरावून घेत नाही, आहे त्यात भर घालतं. जुने लोक नाकं मुरडतात, तरुणांच्या लिखाणात ते सहज येतं, आणि बर्तीलो वेन्नेर्ग्रेन यांच्या मोठ्या व्याकरणग्रंथानंही त्याची दखल घेतली आहे. पोलंडच्या व्यक्तीचा उल्लेख तिसऱ्याच एका पत्रात मी 'री' म्हणून केला, तेव्हा मराठीत न जमलेलं काहीतरी जमल्यासारखं वाटलं.

(या भाषेच्या जागतिक संघटनेचे 2007 ते 2013 अध्यक्ष होते प्रोबाल दासगुप्ता, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवलेले भाषाशास्त्रज्ञ. त्यांची मातृभाषा बंगाली, आणि बंगालीत तो, ती हा भेदच नाही, दोघांना मिळून एकच 'शे'. बंगाली माणसाला ली-शी किती उपरं वाटत असेल याची आपण फक्त कल्पना करायची.)

उलगडा झाला तो एका नामातून. पत्रात वाक्य आलं: 'मी झुस इजिस आवीनो.' आवो म्हणजे आजोबा, आवीनो म्हणजे आजी. मी नुकतीच आजी झाले! क्रियापद गप्पच होतं, पण 'इन'नं बातमी फोडली. सासूबाईंनी नवऱ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ते इथे लिहीत नाही. पुढच्या सगळ्या पत्रात पोलंडच्या आजी नातवंडाला 'जी' म्हणत होत्या, इन्फानो म्हणजे मूल, म्हणून. मला त्यात काहीच खटकलं नाही. पोलिशमध्ये मूल नपुंसकलिंगी, मराठीतही ते मूल, ते बाळ. सासूबाई मालवणकडच्या. त्यांच्या बोलीत घरातली पोरगी 'तां चेडू' असते. गोव्याच्या कोकणीतही लहान मुलीला 'तें' म्हणतात आणि 'ती' हा मान मोठेपणी मिळतो. त्यात कमीपणा कोणाला वाटत नाही, उलट माया असते. झामेनहोफ यांना वाटलेली भीती कोकणात खरी ठरली नसती.

आजींनी मग मागणी केली: नातवंडाला सांगायला तुमच्या भाषेतली एक गोष्ट पाठवा. मराठी आईबापांच्या डोक्यात अशा वेळी एकच गोष्ट येते. एक होती चिऊ, एक होता काऊ. चिऊचं घर मेणाचं, काऊचं शेणाचं. मेण आणि शेण यांचं यमक एस्पेरांतोत जुळण्यासारखं नव्हतं, ते मी तिथल्या तिथे सोडून दिलं. खरी अडचण पुढे होती.

चिमणी पासेरो, कावळा कोर्वो. दोघंही पक्षी, म्हणून नियमानं दोघांना 'जी'. पहिल्या खर्ड्यात तसंच लिहिलं. पाऊस आला, जीचं घर वाहून गेलं, जी जीच्या दारात गेलं आणि जीला म्हणालं दार उघड. कोण भिजलंय, कोण आत बसलंय, काही कळेना. मराठीत ही गोष्ट तो आणि ती यांच्यावर तरंगते. एकाही वाक्यात नाव घेतलं नाही तरी दोन वर्षांच्या पोराला कळतं कोण काय म्हणालं. शिवाय बाळाला न्हाऊमाखू घालून, तीट लावून मग सावकाश दार उघडणारी ती चिऊताई 'जी' कशी असेल? 'थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते' यातल्या 'घालते'मध्ये अर्धी चिऊ आहे. एस्पेरांतोतल्या 'मी बानास'मधून ती निघून जाते.

दुसऱ्या खर्ड्यात पासेरीनो केलं, आणि तिला शी, कोर्वोला ली. वाचायला सोपं झालं. पण पासेरीनो म्हणजे मादी चिमणी, पक्षिनिरीक्षणाच्या वहीतली. आणि कावळ्याचं नरपण ठसवायचं तर 'विर' लावून वीरकोर्वो करावं लागणार. हा शब्द मराठी कानाला 'वीर कावळा' असा ऐकू येतो, आणि या गोष्टीतल्या भिजलेल्या कावळ्याइतकं वीरत्वापासून लांब कोणी नसेल.

हा खर्डा मी आजींना तसाच पाठवला. उत्तर वाचून मी उडाले. त्यांनी लिहिलं होतं, गोष्ट गोड आहे, पण तुम्ही दोघांची अदलाबदल का केली? पोलिशमध्ये चिमणी, व्रूबेल, पुल्लिंगी. कावळा, व्रोना, स्त्रीलिंगी. त्यांच्या डोक्यात चिमणी हा उंडारणारा पोरगा आणि कावळा ही फणकारणारी बाई. मग मी बाकीच्यांची चौकशी केली. रशियनमध्ये तेच, जर्मनमध्येही तेच: चिमणी तो, कावळा ती. म्हणजे झामेनहोफ ज्या भाषांत वाढले त्यांत आमच्या चिऊताईला मिशा आणि काऊला साडी. त्यांनी नामांची लिंगं काढली नसती आणि आपल्या सवयीनं वाटली असती, तर मला ही गोष्ट एस्पेरांतोत सांगताच आली नसती. टेबलाच्या लिंगानं कोणाचं काही अडत नाही. गोष्टीतल्या पाखरांच्या लिंगानं अडतं.

त्या नादात इतर कृत्रिम भाषांत डोकावून आले. 2001 साली सोन्या लँग यांनी केलेल्या तोकी पोनात तृतीयपुरुषी सर्वनाम एकच, 'ओना', आणि सगळ्या पाखरांना मिळून शब्दही एकच, 'वासो'. तिथे गोष्ट सुरूच होत नाही. सुझेट हेडन एल्गिन यांच्या 1982च्या लादान भाषेत 'बे' हे एक सर्वनाम सगळ्यांना, आणि प्रत्यय लागतो तो पुरुषाला. म्हणजे एस्पेरांतोचं शेपूट उलट बाजूला. सर्वांत खूश केलं ते मार्क ओक्रँड यांनी 'स्टार ट्रेक'साठी घडवलेल्या क्लिंगॉननं. तिथे स्त्री-पुरुष हा भेदच नाही. बोलू शकणारे, शरीराचे अवयव, आणि बाकी सगळं, असे नामांचे तीन गट, आणि सर्वनाम बोलणाऱ्यांना वेगळं, न बोलणाऱ्यांना वेगळं. चिऊ आणि काऊ दोघंही घडाघडा बोलतात, म्हणजे क्लिंगॉनमध्ये त्यांना माणसाचं सर्वनाम मिळायला हरकत नाही. एका तरुण वाचकानं सुचवलं की दोघांनाही 'री' म्हणा. पण दोन पात्रांना एकच सर्वनाम दिलं की 'जी'वाला घोळ जसाच्या तसा परत येतो, मग सर्वनाम कितीही नवं असो.

उपाय निघाला तो फुंदामेंतोतूनच, सर्वनामांच्या नाही, लाडाच्या नावांच्या कोपऱ्यातून. एस्पेरांतोत लाडानं हाक मारायला दोन प्रत्यय आहेत, मुलग्याला 'च्यो' आणि मुलीला 'न्यो'. नावाची पहिली काही अक्षरं ठेवायची आणि प्रत्यय जोडायचा. पात्रोचा पाच्यो होतो, म्हणजे बाबा. पात्रीनोची पान्यो, म्हणजे आई. तसं पासेरोचं केलं पासेन्यो आणि कोर्वोचं कोच्यो. चिमणीची चिऊ आणि कावळ्याचा काऊ आपण तरी दुसरं काय करतो? नाव लाडाचं झालं, लिंग त्यातच आलं, आणि मादी-नर असं म्हणावं लागलं नाही. पुढे शी आणि ली आपोआप. चिऊच्या बाळाला 'जी' ठेवलं, मराठीतलं 'ते'. 'ताई'साठी फ्रातीनो वापरलं. त्यात थोरलेपण येत नाही, पण दारात भिजत उभा असलेला काऊ गरजेपोटी ताई म्हणतोय, वयाचा दाखला कोण मागतंय.

एक तिढा राहिला. 'कावळा आपल्या घरी गेला'मधलं 'आपल्या' सरळ सिया झालं. पण 'चिऊनं काऊला आपल्या घरात यायला सांगितलं' इथे घर कोणाचं? मराठीत चिऊचं, यात शंका नाही. एस्पेरांतोत 'यायला' या क्रियेचा कर्ता काऊ, म्हणून काटेकोर वाचणारा सिया वाचून म्हणेल, घर काऊचं. वाहून गेलेलं शेणाचं घर! तिथे मी शिया लिहिलं, म्हणजे तिच्या घरात, आणि पुढे गेले.

हा खर्डा आजींना पसंत पडला. त्यांनी तो नातवंडाच्या आईला वाचून दाखवला आणि मग नातवंडासाठी पोलिशमध्ये उतरवायला घेतला. तिथे व्रूबेल आणि व्रोना पुन्हा आडवे आले, आणि लाडाच्या नावांनीही मुलाच्या डोक्यातला पोरगा हटेना. म्हणून त्यांनी पक्षीच बदलले. चिमणीच्या जागी त्यांच्याकडचा सिकोर्का नावाचा इवलासा पक्षी आला, स्त्रीलिंगी. आणि कावळ्याच्या जागी गावरोन, कावळ्याचाच भाऊबंद, पण पुल्लिंगी. नातवंड अजून बोलत नाही. त्याच्या आईला मात्र शेणाच्या घराबद्दल बऱ्याच शंका आहेत, त्यांची यादी पुढच्या पत्रात येणार आहे.